अँथुरियमची पाने टोकाकडून का जळतात?

मेण लावल्यासारखे लाल, तकतकीत फूल आणि त्यातून वर आलेली पिवळी दांडी! अँथुरियमचे हे रोप आता मोठ्या बंगल्यांपुरते राहिलेले नाही. आपल्या जिल्ह्यातही रोपवाले ते विकू लागले आहेत. मात्र बाईमाणसाच्या एका दिवसाच्या मजुरीइतके पैसे मोजून आणलेले हे रोप मे महिना पाहतच नाही, असा अनुभव अनेक घरांत येतो. आमच्याही घरी आला.

माझ्या मुलीने पहिल्या पगारातून एक कुंडी आणली. जानेवारीत आली तेव्हा तिला चार फुले होती. आमचे घर घाटाखाली, छप्पर टिनाचे. मार्च सरता सरता पानांची टोके तपकिरी होऊन करपू लागली. मला वाटले, तहान लागली असेल. मी सकाळ-संध्याकाळ तांब्याभर पाणी घालू लागले. पाने आणखी जळाली, मग पिवळी पडली आणि मेच्या दुसऱ्या आठवड्यात रोप मुळासकट हातात आले. मुळे कुजून काळी झाली होती आणि कुंडीच्या काठावर मिठासारखा पांढरा थर बसला होता. मुलगी काही बोलली नाही, पण रिकामी कुंडी तिने महिनाभर जागची हलवू दिली नाही.

तो पांढरा थर म्हणजेच सगळ्या प्रश्नाचे उत्तर होते.

पूर्णा नदीच्या दोन्ही अंगांना असलेला खारपाण पट्टा आपल्याला नवा नाही. नांदुरा, शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद या तालुक्यांतल्या कितीतरी गावांत विहिरीचे, बोअरचे पाणी खारट आहे. जिथे माणसांना प्यायला गोड पाणी मिळावे म्हणून वर्षानुवर्षे ओरड करावी लागली, तिथे कुंडीची काय कथा? अँथुरियमला क्षार मुळीच सोसत नाहीत. मुळांनी ओढलेले पाणी पानांतून उडून जाते, क्षार पानाच्या टोकाशी साठतात आणि टोक जळते. आपण घाबरून आणखी तेच पाणी घालतो, म्हणजे आणखी क्षार घालतो.

इथे काही गैरसमज दूर केले पाहिजेत. तुरटी फिरवल्याने गाळ खाली बसतो, क्षार जात नाहीत. उकळल्याने तर पाणी आटून ते वाढतातच. आरओ यंत्रातून बाहेर टाकले जाणारे पाणी मूळ पाण्यापेक्षा जास्त खारे असते, ते वाया जाते म्हणून कुंडीला घालू नये. कूलरच्या टाकीत उरलेल्या पाण्याचेही तेच. रोज पाणी उडते आणि क्षार मागे राहतात.

मग पाणी आणायचे कुठून? पावसाचे. हिशेब करून पाहा. दिवाळीपासून जूनपर्यंत साधारण आठ महिने. सहा इंची कुंडीला थंडीत चार दिवसांनी एक पेला आणि उन्हाळ्यात एका दिवसाआड एक पेला पुरतो. पाव लिटरचा पेला धरला तर हे नव्वद पेले, म्हणजे साडेबावीस लिटर झाले. शिवाय महिन्यातून एकदा दोन लिटर पाणी सावकाश ओतून कुंडी तळातून धुऊन काढावी, म्हणजे साठलेले क्षार निघून जातात. वीस लिटरच्या दोन कॅनमध्ये सगळे भागते! तोंडे घट्ट झाकलेली हवीत, नाहीतर डास होतील.

पाणी घालण्यापूर्वी बोट दोन पेरे आत खुपसून पाहावे. ओल लागली तर त्या दिवशी पाणी नाही.

दुसरी चूक मातीची. हे झाड मूळचे कोलंबिया आणि इक्वेडोरच्या पावसाळी जंगलांतले. एदुआर आंद्रे नावाच्या फ्रेंच माणसाला ते १८७६ मध्ये कोलंबियात आढळले. तिथे ते पुष्कळदा दुसऱ्या झाडांच्या खोडांवर वाढते, मुळे निम्मी हवेत. अशा झाडाला आपल्या काळ्या मातीत लावले तर ती चिकट माती मुळांचा श्वासच बंद करते. कपाशीला ती सोन्यासारखी असली, तरी इथे कामाची नाही. नारळाच्या शेंड्या कापून भिजवाव्यात आणि दोन-तीनदा पाणी बदलून धुवाव्यात. त्यात विटेचे बोराएवढे तुकडे, थोडा लाकडी कोळसा आणि मूठभर गांडूळखत मिसळावे. कुंडीला खाली भोके हवीतच. शेतात वापरून उरलेला युरिया चिमूटभरसुद्धा टाकू नये, तोही क्षारच.

आता उन्हाळा. या झाडाला सुमारे अठरा ते तीस अंशांचे हवामान आणि दमट हवा मानवते. घाटावर, बुलढाण्याकडे, थोडे बरे असते. घाटाखाली पारा चाळिशी ओलांडतो आणि टिनाखाली तर विचारूच नका. फळीवर ठेवलेली कुंडी तिथे भाजून निघते. आमची दुसरी कुंडी वाचली ती जमिनीवर, पाण्याच्या माठाशेजारी ठेवल्यामुळे. घरातला सर्वांत गार कोपरा तोच. परातीत खडे व पाणी घालून त्यावर कुंडी ठेवली, भोवती ओले गोणपाट गुंडाळले. कूलर असेल तर त्याच खोलीत ठेवावी, झोतासमोर मात्र नको. उजेड हवा, पण उन्हाची तिरीप थेट पानावर नको. याउलट घाटावर डिसेंबर-जानेवारीच्या रात्री कुंडी ओसरीत न ठेवता घरात घ्यावी.

पान पाहून दुखणे ओळखता येते. टोके जळाली तर क्षार किंवा कोरडी हवा. खालून पाने पिवळी पडून मऊ झाली तर पाणी जास्त. पानाच्या मध्यावर पांढरट भाजलेले डाग असतील तर ऊन लागले. पाने हिरवीगार, पण फूल नाही, तर उजेड कमी. पानाखाली बारीक जाळी आणि ठिपके दिसले तर लाल कोळी. ओल्या फडक्याने पाने पुसून लिटरभर पाण्यात पाच मिली कडुनिंबाचे तेल व साबणाचे चार थेंब मिसळून संध्याकाळी फवारावे. मात्र कडेला पाणी भरल्यासारखे डाग पडून ते पिवळे-तपकिरी होत पसरू लागले, तर तो जिवाणूचा करपा असण्याचा संभव आहे. त्यावर घरगुती इलाज नाही. ते रोप वेगळे काढून जाळावे आणि कात्री उकळत्या पाण्यात धरावी.

लहान मुलांच्या घरी एक काळजी घ्यावी. अँथुरियम अळूच्याच कुळातले. कच्चे अळू जसे घशाला खाजवते तसेच, किंबहुना जास्त, याचे पान तोंडाला भाजते. रांगते मूल आणि शेळी दोघांपासून ते दूर असावे.

लाल दिसते ते खरे तर फूल नव्हे, रंगलेले पान आहे. खरी फुले त्या पिवळ्या दांडीवर, टाचणीच्या टोकाएवढी. म्हणूनच ते इतके टिकते. झेंडू-गुलाब दोन दिवसांत माना टाकतात, पण देठासह कापून पेल्यात ठेवलेले हे फूल बाबासाहेबांच्या तसबिरीपुढे दोन-तीन आठवडे ताजे राहते. पाणी मात्र दोन दिवसांनी बदलावे.

कुंडी बदलायची ती जूनमध्ये, हवा गार झाल्यावर. कॅनही तेव्हाच भरायचे. टिनावरून येणारे पहिल्या पावसाचे पाणी धूळ आणि पाखरांची घाण घेऊन उतरते, ते वाहू द्यावे. दोन-तीन चांगल्या सरी पडून गेल्या, की मग पागोळ्यांखाली बादली लावावी आणि फडक्यातून गाळून कॅनमध्ये ओतावे.