बीजगणित बांधावर (लेख सहावा) : ओल्या सोयाबीनचं समीकरण

परतीचा पाऊस लांबला की रोहिणखेडच्या शिवारात सोयाबीनची सोंगणी ओलीच होते. मग मळणी उरकून कट्टे मोताळ्याच्या किंवा मलकापूरच्या बाजारात पोचले, की भावाच्या आधी ओलाव्याचं बोलणं निघतं. हमीभावाच्या खरेदीसाठी ओलाव्याची नेहमीची मर्यादा १२ टक्के. २०२४च्या नोव्हेंबरात केंद्राने ती १५ टक्क्यांपर्यंत वाढवली, ती खुल्या बाजारातला भाव हमीभावाखाली गेला होता तेव्हा. खुल्या बाजारात मात्र जास्तीच्या ओलाव्यापोटी वजन किंवा भाव कापला जातो, आणि किती कापला तो बरोबर की चूक, हा वाद बहुधा आवाजावर सुटतो. माझं म्हणणं असं की हा वाद एका समीकरणाचा आहे. बीजगणिताची रोजच्या व्यवहारातली खरी मदत उत्तर लवकर मिळण्यात नाही. या व्यवहारात काय बदलतं आणि काय बदलत नाही, हे ते वेगळं काढून दाखवतं.

सोयाबीन वाळताना फक्त पाणी जातं, कोरडा दाणा तेवढाच राहतो. एक क्विंटल मालात १५ टक्के ओलावा असेल, तर कोरडा भाग ८५ किलो. हाच माल १२ टक्क्यांवर आल्यावर त्याचं वजन क्ष किलो भरेल असं धरू. तेव्हा त्यातला कोरडा भाग क्षच्या ८८ टक्के असणार, आणि तोही ८५ किलोच असणार. म्हणजे ०.८८ × क्ष = ८५, आणि क्ष = ९६.५९. रास्त घट ३ किलो ४१० ग्रॅमच्या आसपास. टक्क्यामागे दोन किलो कापणारा सहा किलो नेतो. २०२४-२५च्या ४,८९२ रुपये हमीभावाने हा जादा भाग क्विंटलमागे सुमारे १२७ रुपये होतो. पण तीन टक्के जास्त म्हणून तीनच किलो कापा, असं म्हणणारा शेतकरीही थोडं कमीच देऊ पाहतो. समीकरणाला बाजू नसते.

यावर कोणी म्हणेल, आमच्या आज्याने कधी क्ष मांडला नाही, तोंडी हिशोबावर संसार केला. खरंच आहे, आणि टक्क्याला एक किलो हा ठोकताळा वाईटही नाही. ओलावा १३ टक्के असेल तर समीकरण १.१४ किलो सांगतं, ठोकताळा १; एवढ्यासाठी कोणी भांडू नये. मात्र २० टक्क्यांना समीकरण ९.०९ म्हणतं आणि ठोकताळा ८ वरच थांबतो. तोंडी नियम कुठपर्यंत चालतो आणि कुठे घसरतो, हे त्या नियमाच्या आत राहून कळत नाही. मोबाइलमधल्या कॅल्क्युलेटरचंही तसंच: ८५ला ०.८८ने भागायचं हे त्याला कोणीतरी सांगावं लागतं. आणि हे सगळं पुस्तकी आहे म्हणणाऱ्यांनी अजिंठ्याच्याच डोंगररांगेत पश्चिमेला, चाळीसगावजवळच्या पाटणला पाहावं. भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी त्यांचा नातू चांगदेव याने काढलेल्या मठाचा शिलालेख तिथला आहे. ज्या ‘लीलावती’चं नाव आपण एवढ्या आदराने घेतो, तिच्यात व्याजाचे, खरेदी-विक्रीचे आणि धान्याच्या राशींचे हिशोब आहेत.

सर्वांत वजनदार आक्षेप वेगळाच आहे. घट कळली, पण भाव आपल्या हातात नाही, मग समीकरणाने काय साधलं? भाव ठरवता येत नाही हे कबूल. पण आज ओला विकावा की अंगणात वाळवून विकावा, हे ठरवता येतं. ओल्या मालाला आज मिळणारा भाव प आणि वाळलेल्याला मिळेल तो भाव फ. वाळवणीला क्विंटलमागे ख रुपये लागतात असं धरलं, तर ०.९६५९ × फ − ख हे प पेक्षा मोठं असेल तेव्हाच वाळवणं परवडतं. फ ४,८९२ धरला आणि मजुरी घरचीच म्हणून ख शून्य मानला, तर सीमा पडते ४,७२५ रुपयांवर. ओल्या मालाला यापेक्षा जास्त मिळत असेल तर तो तिथेच द्यावा. ४,२०० म्हणत असतील तर ऊन असेतो थांबणं फायद्याचं. घरच्या मजुरीला शून्य धरणं मला स्वतःला पटत नाही, कारण ते दोन दिवस हरभऱ्याच्या पेरणीतून जातात. ख ला शंभर रुपये धरा, की सीमा ४,६२५वर उतरते. पावसाची भीती मात्र या ख मध्ये बसत नाही. तिच्यासाठी संभाव्यता लागते, आणि ती पुढच्या आठवड्यात.