नादाची मर्यादा

शेव्हरोले कंपनीने १९६५ साली आपल्या कॉर्व्हेट मोटारीस दोन्ही अंगांनी धुराच्या नळ्या देऊ केल्या. पुढे हौशी मालक बाजारातून आणून बसवू लागले त्या तशाच नळ्यांत पुष्कळदा सच्छिद्र नळीभोवती काचतंतू गुंडाळलेला सायलेन्सरचा गाभा असतो. उष्ण वायूंनी तंतू झडले, की आवाज वाढतो. मग बोल्ट काढून गंजलेला गाभा ओढून काढावा व नवा बसवावा, एवढेच काम. काहीजण मात्र गाभाच काढून मोटार मोकळी गर्जू देतात. आपल्याकडे मोटारसायकलींचे हेच चालले आहे. वस्तुतः १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांनी सायलेन्सर सक्तीचा आहे. जुन्या यंत्राचे जतन स्तुत्यच; परंतु रस्त्यालगतच्या घरात कोणी आजारी निजलेला असतो. त्याच्या निद्रेची चाड बाळगणे, हाही रसिकतेचाच भाग होय.