जुनी विजेची गिटार



नांदेडास किंवा लातुरास लग्नाची वरात निघाली, कीं तिच्या अग्रभागीं बेंजो वाजत असतो, हें तुम्हांस ठाऊक आहेच. टंकयंत्रासारख्या कळा असलेलें हें वाद्य मूळचें जपानचें. नागोया शहरीं गोरो मोरिता यांनीं तें 1912 सालीं बनविलें. हिंदुस्थानांत येऊन तें 'बुलबुल तरंग' झालें, आणि पुढें त्याच्या तारांखालीं लोहचुंबक बसवून तें कर्ण्यास जोडण्यांत आलें. विजेची गिटारहि याच तत्त्वावर बोलते. म्हणून ज्याच्या कानांत बेंजो बसला आहे, त्याला ती अगदींच परकी वाटूं नये.

माझ्या पुतण्यास गेल्या वर्षीं तिचा छंद लागला. नवी घेण्याची ऐपत नव्हती. वडिलांनीं सोयाबीनच्या पट्टींतून तीन हजार रुपये काढून दिले, आणि चिरंजीव लातुराहून वाद्यवृंद सोडून बसलेल्या एका वादकाची लालभडक गिटार घेऊन एस. टी. नें नांदेडास आले. घरीं वाजवून पाहतात, तों सूर लागेना, आणि कर्ण्यांतून सुरापेक्षां गुणगुणच अधिक! "तीन हजार पाण्यांत गेले," एवढेंच आमचे बंधु म्हणाले. मुलगा दोन दिवस कोणाशीं बोलला नाहीं. त्या प्रसंगामुळें मला जें शिकावें लागलें, तें येथें सांगतों.

प्रथम ही गिटार बोलते कशी तें पाहूं. हिचें अंग सतारीच्या भोपळ्याप्रमाणें पोकळ असावें लागत नाहीं. पुष्कळदां तें भरीव फळीचेंच असतें. तारांखालीं लोहचुंबक असून त्याभोंवतीं केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे कांहीं हजार वेढे दिलेले असतात. यास वादक 'पिकअप' म्हणतात. पोलादी तार कांपली, कीं चुंबकाचें क्षेत्र हालतें आणि वेढ्यांत अल्पशी वीज उत्पन्न होते. फॅरडेनें 1831 सालीं दाखविलेला नियम तो हाच. ही वीज वाढवून कर्ण्यास दिली, कीं सूर ऐकूं येतो. अमेरिकेंत जॉर्ज बोशां यांनीं असा पिकअप 1931 च्या सुमारास सिद्ध केला व 1937 सालीं त्यांस त्याचें पेटंट मिळालें. यावरून एक व्यावहारिक गोष्ट ध्यानांत यावी. नायलॉनची तार या गिटारीवर मुकी राहील. तार पोलादाचीच हवी. आमच्या चिरंजीवांच्या गिटारीवर पहिल्या मालकानें दोन तारा साध्या गिटारीच्या, कांशाचें वेष्टण असलेल्या, चढविल्या होत्या. त्या दोनच तारा क्षीण कां वाजतात, याचा उलगडा तेथें झाला.

आतां परीक्षा. जुनी गिटार घेतांना रंगाकडे पाहूं नये, दांडीकडे पाहावें. तार, खुंटी, पिकअप, घोडी हें सर्व बदलतां येतें. पिळवटलेली दांडी मात्र सहसा सुधारत नाहीं. बंदुकीचा नेम धरावा तशी गिटार डोळ्यापुढें धरून दांडीच्या दोन्ही कडा पाहाव्या. किंचित् बाक असल्यास भिऊं नये, कारण बहुतेक दांड्यांच्या पोटांत एक पोलादी सळई असते. तिचा पेंच एका वेळीं पाव फेऱ्याहून अधिक न फिरवितां बाक काढतां येतो. घाई केल्यास सळई तुटते, आणि मग खरोखरच पैसे पाण्यांत जातात.

नंतर बारावा पडदा पाहावा. तो तारेच्या बरोबर मध्यावर असतो. तेथें तारेस नुसता बोटाचा स्पर्श करून छेडावें, आणि मग तीच तार त्याच पडद्यावर दाबून छेडावी. दोन्ही सूर एक आले पाहिजेत. दाबलेला सूर चढा आल्यास घोडीवरील त्या तारेचा आधार मागें सारून तार लांब करावी. उतरल्यास पुढें आणावा. आमच्या गिटारीची दांडी सरळ होती. सूर लागत नव्हता तो केवळ एवढ्यासाठीं. एका संध्याकाळीं, एका पेंचकसानें, तें काम झालें.

आपल्या हवेचा दोष निराळाच. वैशाखांत लांकूड वाळून आकसतें, पडद्यांची धातू कांहीं आकसत नाहीं, आणि त्यांचीं टोंकें कडेबाहेर येऊन हातास बोंचूं लागतात. 2016 च्या एप्रिलांत मिरजेहून आगगाडीनें लातुरास पाणी आणावें लागलें, तें तुमच्या वडिलांस स्मरतच असेल. त्याच मिरजेचे सतार-तंबोरे बनविणारे कारागीर लांकूड पुरतें मुरल्याखेरीज हातीं धरीत नाहींत. आपण निदान उन्हाळ्यांत वाद्य पत्र्याच्या खोलींत टांगूं नये, आणि टोंकें बारीक कानशीनें घासून घ्यावीं.

गुणगुणीचें कारण गंभीर होतें. घरच्या विजेचीं आवर्तनें सेकंदास 50. तीं पिकअपच्या वेढ्यांत शिरून गुणगुणतात. 1955 सालीं सेथ लव्हर यांनीं उलट्या दिशेचीं दोन वेटोळीं जोडून ती गुणगुण परस्पर छेदण्याची युक्ति काढली. आमच्या येथें मात्र घोडीपासून निघणारी भूमितार आंतून तुटली होती. एका बेंजोवाल्यानें तिला डाख दिला व पैसे घेतले नाहींत. परंतु त्यानेंच दुसरी गोष्ट दाखविली: अ‍ॅम्प्लिफायरच्या प्लगची तिसरी, जाड पिन कोणीतरी कापून टाकलेली होती! पालकहो, हें मात्र हंसण्यावारी नेऊं नका. सदोष भूमिजोडणीमुळें 1972 सालीं वेल्समधील स्वान्सी येथें लेस हार्वे हा तरुण गिटारवादक रंगमंचावर ध्वनिक्षेपकास हात लावतांच विजेच्या धक्क्यानें मरण पावला. गिटारीवर खर्च करण्यापूर्वीं प्लगवर करावा.

एवढें झाल्यावर मग हौसेनें फेरफार करण्यास हरकत नाहीं. याचें उत्तम उदाहरण इंग्लंडांतील ब्रायन मे. पांचगणीच्या सेंट पीटर्स शाळेंत शिकलेला व तेथें मित्रांसह 'हेक्टिक्स' या वाद्यमेळांत पियानो वाजविणारा फरोख बलसारा पुढें फ्रेडी मर्क्युरी या नांवानें जगास ठाऊक झाला. त्याच्या 'क्वीन' मेळांतले हे गिटारवादक. विकत घेण्यास पैसे नव्हते, म्हणून 1963 सालीं त्यांनीं वडिलांच्या साहाय्यानें घरींच गिटार बनविण्यास घेतली. दांडी एका जुन्या शेकोटीच्या चौकटीची; लांकडाचीं कीडभोंकें त्यांनीं आगकाड्यांनीं बुजविलीं. आघात-दांडीच्या स्प्रिंगा जुन्या मोटारसायकलच्या, आणि पडद्यांवरील खुणा आईच्या पेटींतल्या शिंपल्याच्या गुंड्यांच्या! तीच गिटार ते पुढें सर्व जगभर वाजवीत आले.

आमच्या चिरंजीवांचा पराक्रम इतका नाहीं. त्यानें लाल रंग खरवडून काढला, खालचें लांकूड तेल लावून तसेंच ठेवलें, आणि आवाजाच्या फिरकीवर आजीच्या जुन्या पेटीची पितळी मूठ बसविली. बंधूंनीं ती पाहिली, हातांत घेतली, आणि एक तार छेडून परत दिली. घोडी अद्याप जुनीच आहे. तिचे दोन पेंच गंजले आहेत. येत्या पट्टींतून ती बदलावयाची, असें बापलेकांत ठरलें आहे.