राहता कुठे? उत्तरं दोन

अमेरिकी नवरा पुण्यात, बायको भारतीय. तिच्या ग्रीन कार्डासाठी त्याने भरायचा अर्ज म्हणजे आय-१३०. तो भारतात बसून ऑनलाइन भरता येतो. थेट वकिलातीत देण्याची सोय मात्र १ फेब्रुवारी २०२० पासून अपवादापुरतीच उरली आहे: गंभीर आजारपण, जिवाला धोका, नोकरीनिमित्त तातडीची बदली अशी कारणं असतील तर.

अशा वेळी आपण इथे सहलीला आलेलो नाही, राहतो, हे दाखवावं लागतं. ओसीआय (परदेशस्थ भारतीय नागरिक) कार्ड किंवा दीर्घ मुदतीच्या व्हिसावरची एफआरआरओ, म्हणजे विदेशी नागरिक नोंदणी कार्यालयाकडची नोंदणी, म्हणजे राहायची परवानगी. प्रत्यक्ष मुक्काम सांगतात ते घराचा भाडेकरार, पगाराची स्लिप, महावितरणचं बिल. करार मराठीत असेल तर पूर्ण इंग्रजी भाषांतर जोडायचं, आणि ते अचूक असल्याचं भाषांतरकाराने सही करून लिहून द्यायचं. बिल घरमालकाच्या नावावर? बहुतेकांचं असतंच. म्हणून करारावरचा आणि बिलावरचा फ्लॅट नंबर जुळतो ना, ते आधी बघा.

खरी गंमत पुढे आहे. बायकोच्या खर्चाची हमी देणाऱ्या आय-८६४ अर्जात याच नवऱ्याला आपलं कायमचं घर अमेरिकेत असल्याचं दाखवावं लागतं. परदेशातला मुक्काम तात्पुरता आहे, किंवा बायको अमेरिकेत शिरेल तोवर आपणही तिथे बस्तान हलवू, हे पटवायचं. तिकडचं बँक खातं, मतदार नोंदणी, नोकरीचं पत्र, मुलांचा शाळाप्रवेश त्यासाठी उपयोगी पडतात.