त्वचेच्या वाटेने औषध

माझी आजी निपाणीकडच्या तंबाखूच्या शेतात मजुरीला जाई. दहिवराने भिजलेला पाला दिवसभर हाताळला की सायंकाळी तिला घेरी येई, मळमळे. घरी मीठमोहऱ्यांनी दृष्ट काढत. दोष कुणाच्या नजरेत नव्हता, पानात होता. ओल्या पानातील निकोटीन त्वचेतून रक्तात उतरते. याच गुणधर्मावर पुढे निकोटीनची पट्टी निघाली. व्यसन सोडू पाहणारा ती दंडावर चिकटवतो.

मग इन्सुलिनची पट्टी का नाही? त्वचेचा सर्वांत वरचा, मृत पेशींचा थर जेमतेम ०.०२ मिलिमीटर जाडीचा. परंतु त्याची रचना भिंतीसारखी. पेशी या विटा, मधले स्निग्ध द्रव्य हा चुना. साधारणतः ५०० डाल्टनहून मोठा रेणू त्यातून पार होत नाही. निकोटीन १६२ डाल्टनचे, इन्सुलिन सुमारे ५,८०० चे.

मुंबईच्या यूडीसीटीत शिकलेले समीर मित्रगोत्री यांनी अमेरिकेतील एमआयटीत सहकाऱ्यांसह या भिंतीवर उपाय शोधला. १९९५ साली तो ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. सेकंदाला २०,००० कंपनांच्या ध्वनिलहरी सोडल्या की त्वचेलगतच्या द्रवात सूक्ष्म बुडबुडे उठतात, फुटतात आणि स्निग्ध थराची घडी विस्कटते. मधुमेही उंदरांच्या त्वचेवर इन्सुलिन ठेवून लहरी दिल्या, तेव्हा त्यांच्या रक्तातील साखर उतरली.

मात्र लहरी थांबताच भिंत पुन्हा सांधली गेली पाहिजे, अन्यथा जंतूंनाही तीच वाट सापडेल. प्रयोगशाळेतून घरापर्यंतचे अंतर मोठे आहे. बिद्रीतल्या मधुमेही मुलाला आजही सुईच टोचून घ्यावी लागते.