तिसरा डोळा आणि प्रज्ञाचक्षु : गूढविद्येच्या आधुनिक ग्रंथकारांची पारख

सुप्त मनाच्या शक्ती, तेजोवलय, सूक्ष्मदेहाचा प्रवास, इच्छापूर्तीचे नियम अशा विषयांवरील पुस्तकांना आज फार मोठा वाचकवर्ग लाभला आहे. रेल्वे स्थानकावरील पुस्तकविक्रेत्यापासून सुशिक्षितांच्या दिवाणखान्यापर्यंत ही पुस्तके पोहोचली असून बौद्ध घरेही त्याला अपवाद नाहीत. यांपैकी पुष्कळ पुस्तकांत बुद्ध, ध्यान, लामा, निर्वाण हे शब्द सढळ हाताने वापरलेले असतात. त्यामुळे धम्माच्या अभ्यासवर्गास येणारे तरुण उपासक-उपासिका असे एखादे पुस्तक पुढे ठेवून विचारतात की, हे खरे मानावे काय? आणि खरे नसले तरी उपयोगाचे आहे काय? हे दोन प्रश्न भिन्न आहेत. पहिला लेखकाच्या विश्वसनीयतेविषयी आहे, दुसरा त्याच्या शिकवणुकीच्या मूल्याविषयी. त्यांची गल्लत केली म्हणजे लबाड लेखकाला पळवाट मिळते. प्रस्तुत लेखात एक गाजलेले उदाहरण घेऊन पालि साहित्यातील कसोट्यांवर ते घासून पाहावयाचे आहे.

इ. स. १९५६ च्या नोव्हेंबर महिन्यात लंडन येथे 'द थर्ड आय', म्हणजे 'तिसरा डोळा', या नावाचे पुस्तक प्रसिद्ध झाले. (त्याच वर्षीच्या १४ ऑक्टोबरला नागपूर येथे लक्षावधी लोकांनी बुद्धधम्माचा स्वीकार केला होता. एकाच ऋतूत जगापुढे आलेली बुद्धधम्माची ही दोन चित्रे किती परस्परविरोधी होती, हे पुढे दिसून येईल.) पुस्तकावर लेखक म्हणून टी. लोबसांग रांपा या तिबेटी लामाचे नाव होते. ल्हासातील एका श्रीमंत सरदार घराण्यात आपला जन्म झाला, चाकपोरी येथील वैद्यकविहारात आपले शिक्षण झाले, आठव्या वर्षी आपल्या कपाळाला छिद्र पाडून त्यात लाकडाची कपची बसविण्यात आली व त्या योगे तिसरा डोळा उघडून माणसांभोवतीची तेजोवलये दिसू लागली, असे त्यात सांगितले होते. माणसाला आकाशात नेणारे पतंग, हिममानव, आपल्याच पूर्वजन्मीच्या सुवर्णमंडित देहाचे दर्शन, असा बराच मसाला त्यात होता. पुस्तक हातोहात खपले व अनेक भाषांत गेले.

प्रकाशक फ्रेडरिक वॉरबर्ग यांना आरंभापासूनच शंका होती. त्यांनी हस्तलिखित सुमारे वीस जाणकारांकडे पाठविले. त्यांची मते एकमेकांशी जुळेनात. लेखकासमोर तिबेटी भाषेतील एक वाक्य उच्चारण्यात आले असता त्याला ते समजले नाही. यावर त्याने खुलासा केला तो असा की, जपान्यांच्या कैदेत छळ होत असताना गुपिते बाहेर पडू नयेत म्हणून आपण संमोहनाने स्वतःची तिबेटी भाषा पुसून टाकली! तरीही, मजकुराची जबाबदारी सर्वस्वी लेखकाची आहे असा मजकूर प्रस्तावनेत छापून, पुस्तक बाजारात आणण्यात आले. ल्हासा येथे प्रथम ब्रिटिश व नंतर भारत सरकारचे प्रतिनिधी म्हणून अनेक वर्षे राहिलेल्या ह्यू रिचर्डसन यांनी ते बनावट असल्याचे स्पष्ट सांगितले. पुढे हाइनरिश हारर आदी तिबेटच्या जाणकारांनी क्लिफर्ड बर्जेस नावाच्या खाजगी गुप्तहेराकडून चौकशी करविली आणि फेब्रुवारी १९५८ मध्ये तिचा निष्कर्ष वृत्तपत्रांत आला. लोबसांग रांपा म्हणजे इंग्लंडमधील डेव्हन परगण्यात १९१० साली जन्मलेला, एका नळजोडणी कारागिराचा मुलगा सिरिल हॉस्किन होय. त्याने तिबेट कधी पाहिलेच नव्हते.

येथे प्रकरण संपावयास हवे होते, पण ते संपले नाही. हॉस्किनने आपली ओळख नाकारली नाही. त्याने फक्त कथा बदलली. घुबडाचे छायाचित्र घेण्यासाठी झाडावर चढलो असता आपण खाली पडलो, आणि त्यानंतर खऱ्या तिबेटी लामाने आपल्या देहात प्रवेश केला, असे त्याने सांगितले. १९६० च्या 'द रांपा स्टोरी' या पुस्तकात ही कथा विस्ताराने येते. या खुलाशाचे वैशिष्ट्य असे की, त्यानंतर कोणताही पुरावा त्याच्या विरुद्ध जाऊच शकत नाही. जन्मदाखला इंग्रज निघाला तर तो देहाचा, तिबेटी भाषा येत नसेल तर मेंदू इंग्रजाचा! ब्रह्मजाल सुत्तात 'अमराविक्खेप' या नावाने ज्या निसटत्या वादपद्धतीचे वर्णन आले आहे, तिची येथे आठवण होते. अमरा हा हातातून सुळकन निसटणारा मासा. जे विधान कोणत्याही परिस्थितीत खोटे ठरू शकत नाही, त्याने आपल्याला काहीच सांगितलेले नसते. हॉस्किन पुढे कॅनडात स्थायिक झाला व १९८१ साली कॅलगरी येथे वारला. तोपर्यंत त्याची दीड डझनाहून अधिक पुस्तके निघाली होती. त्यांतील एक तर आपल्या मांजरीने सांगितले व आपण लिहून घेतले, असा त्याचा दावा होता.

आता पालि साहित्याकडे वळू. संयुत्त निकायाच्या कोसल संयुत्तात एक मार्मिक प्रसंग आहे. भगवान बुद्ध श्रावस्तीच्या पूर्वारामात बसले असता कोसलराज पसेनदी त्यांच्या भेटीस आला होता. इतक्यात जटाधारी, निगंठ, अचेलक, एकवस्त्रधारी व परिव्राजक असे पाच प्रकारचे प्रत्येकी सात तपस्वी जवळून गेले. राजाने गुडघा टेकून, हात जोडून, तीनदा आपले नाव उच्चारून त्यांना वंदन केले, आणि मग बुद्धांना विचारले की, जगात जे अर्हत आहेत त्यांपैकी हे असतील काय? बुद्धांनी सांगितले की, संसारात गुंतलेल्या गृहस्थाला हे ओळखणे कठीण आहे. शील सहवासाने कळते, सचोटी व्यवहाराने कळते, मनाचे बळ संकटात कळते आणि प्रज्ञा चर्चेने कळते. आणि हे सर्व दीर्घ काळाने, लक्षपूर्वक पाहणाऱ्याला व बुद्धी असणाऱ्यालाच कळते. तेव्हा राजाने कबूल केले की, ते सर्व आपले गुप्तहेर आहेत. मुलूख हेरून परत आले की ते राख-धूळ धुऊन टाकतात, दाढी-केस नीट करतात आणि सुखोपभोगात रमतात.

या सुत्तातील चार कसोट्या पुस्तकाच्या लेखकाला लावून पाहाव्यात. वाचकाचा लेखकाशी सहवास घडत नाही, व्यवहार फक्त विक्रेत्याशी होतो, संकटात लेखक कसा वागतो हे दिसत नाही, आणि पुस्तकाला प्रतिप्रश्न विचारता येत नसल्याने चर्चाही होत नाही. म्हणजे ग्रंथकाराने न बोलता चारही कसोट्या चुकविलेल्या असतात. जटाधारी हेर निदान समोरून चालत तरी गेले होते! म्हणून छापील उपदेशकाच्या बाबतीत आपली सावधगिरी अधिक हवी, आणि जे त्याला प्रत्यक्ष ओळखतात, त्याचा विषय जाणतात, त्यांच्या साक्षीला अधिक किंमत द्यावयास हवी.

यावर केसमुत्ति सुत्ताचा (कालाम सुत्ताचा) आधार देऊन काही जण म्हणतात की, मी स्वतः अनुभव घेतला, मला बरे वाटले, मग विद्वानांचे कशाला ऐकावे? हे सुत्त आपल्याकडे वारंवार उद्धृत होते आणि तितकेच वारंवार अर्धवट वाचले जाते. ज्या आधारांवर एखादी गोष्ट स्वीकारू नये असे तेथे सांगितले आहे, त्यांत 'भब्बरूपता' हा एक आहे. सांगणारा दिसावयास योग्य व भारदस्त आहे, एवढ्यावर विश्वास ठेवू नये, असा त्याचा आशय आहे. हॉस्किनचे मुंडित मस्तक, दाढी व गंभीर मुद्रा यांचे मोल त्यावरून ठरावे. परंतु त्याच सुत्तात स्वीकारार्ह धर्माच्या लक्षणांत 'विञ्ञुप्पसत्थ', म्हणजे सुज्ञांनी प्रशंसिलेला, हेही एक लक्षण आहे. स्वानुभव आणि सुज्ञांची परीक्षा ही दोन्ही तेथे एकत्र सांगितली आहेत. मात्र सुज्ञ म्हणजे केवळ पदवी किंवा विद्यापीठाचा शिक्का नव्हे. कार्लोस कास्तानेदा या लेखकाला याकी जमातीतील मांत्रिकाच्या सहवासाच्या कथांवर १९७३ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाची डॉक्टरेट मिळाली, आणि १९७६ साली रिचर्ड डी मिल यांनी त्याच पुस्तकांतील तारखा एकमेकींशी जुळत नाहीत हे दाखवून दिले. तारखा ताडून पाहण्यास योगसामर्थ्य लागत नाही.

दाव्यांविषयी विनयपिटकाची भूमिका तर फारच कडक आहे. वज्जी देशात दुष्काळ पडला असता वग्गुमुदा नदीच्या तीरावरील भिक्खूंनी गृहस्थांपुढे एकमेकांच्या अलौकिक सिद्धींची स्तुती सुरू केली. लोकांनी स्वतःच्या व मुलांच्या तोंडचा घास काढून त्यांना दिला. वर्षावास संपल्यावर इतर ठिकाणचे भिक्खू कृश होऊन आले, हे मात्र पुष्ट होऊन आले. बुद्धांनी अशा माणसाला पाच महाचोरांतील सर्वांत मोठा चोर म्हटले, आणि चौथा पाराजिक नियम घालून दिला : नसलेल्या अलौकिक अवस्थेचा दावा करणारा भिक्खू संघातून कायमचा बाद होतो. त्याहून लक्षणीय गोष्ट अशी की, सिद्धी खरोखर प्राप्त झाली असली तरी ती गृहस्थाला सांगणे हा पाचित्तिय नियमाने दोष ठरविला आहे. आपल्या सिद्धीची जाहिरात करून पुस्तक विकणारा खरा की खोटा हे ठरविण्यापूर्वीच तो या नियमाखाली दोषी ठरतो. भिक्खूंचे नियम लेखकांना बांधील नाहीत हे मान्य. पण लामा म्हणवून घेणाऱ्याला ते लावून पाहण्यास कोणती हरकत आहे?

आता मूल्याचा प्रश्न. मिशिगन विद्यापीठातील बौद्ध विद्येचे अभ्यासक डोनाल्ड लोपेझ यांनी १९९८ च्या आपल्या ग्रंथात नमूद केले आहे की, पूर्वपीठिका न सांगता विद्यार्थ्यांना 'द थर्ड आय' वाचावयास दिले असता त्यांनी त्याची एकमुखाने वाखाणणी केली; शिवाय तिबेटविषयक काही नामवंत संशोधक याच पुस्तकामुळे त्या विषयाकडे वळले होते. म्हणजे खोट्या पुस्तकातून चांगले काही निष्पन्न होऊ शकते. पण ते कसे झाले? त्या संशोधकांनी पुढे तिबेटी भाषा शिकून मूळ ग्रंथ वाचले, म्हणून झाले. पुस्तकाचे कुतूहल त्यांना उपयोगी पडले. त्यातील माहिती त्यांना टाकून द्यावी लागली.

साधनेच्या पुस्तकाचे गणित वेगळे असते. हॉस्किनने १९६५ साली 'यू फॉरएव्हर' हे धड्यांच्या स्वरूपातील पुस्तक लिहिले. तेजोवलय कसे पाहावे, सूक्ष्मदेहाने प्रवास कसा करावा, याचे मार्गदर्शन त्यात आहे. येथे सूचनेचा सारा आधार 'हे मी केले आहे' या वाक्यावर असतो. ते वाक्य खोटे ठरले की खाली काही उरत नाही. शांत बसावे, श्वास लक्षपूर्वक पाहावा, एवढाच उपदेश असता तर तो कोणी सांगितला याला महत्त्व नव्हते, कारण तो ज्याचा त्याला पडताळून पाहता येतो. पण या प्रकारच्या पुस्तकांत बहुधा असे सुचविलेले असते की, अनुभव आला तर पद्धती खरी, आणि न आला तर साधकाची श्रद्धा उणी. दोष सदैव वाचकाच्या पदरी!

हीच युक्ती २००६ साली निघालेल्या रॉन्डा बर्न यांच्या 'द सीक्रेट' या पुस्तकात अधिक उघडपणे दिसते. माणसाच्या आयुष्यात येणारी प्रत्येक गोष्ट त्याच्या विचारांनीच ओढून आणलेली असते, आणि तीव्रतेने इच्छिल्यास धन, आरोग्य, यश चालत येते, असा त्याचा सिद्धान्त आहे. अंगुत्तर निकायाच्या पंचक निपातात अनाथपिंडिकाशी बोलताना बुद्धांनी या मताचा विचार केलेला आढळतो. दीर्घायुष्य, रूप, सुख, कीर्ती व स्वर्ग या पाच गोष्टी याचनेने किंवा अभिलाषेने मिळत नाहीत, तशा मिळत्या तर जगात कोणाला कशाचीच उणीव राहिली नसती, असा त्यांचा युक्तिवाद आहे. ज्याला त्या हव्यात त्याने त्यांच्याकडे नेणाऱ्या मार्गाने चालावे, असे ते पुढे सांगतात.

या सिद्धान्ताची दुसरी बाजू आपल्या समाजाने विशेष लक्षपूर्वक पाहिली पाहिजे. यश विचारांनी येत असेल तर दारिद्र्य, रोग आणि अपमानही विचारांनीच आले असे म्हणावे लागते. वेठबिगाराचे मूल उपाशी राहिले ते त्याच्या विचारांमुळे काय? पूर्वजन्मीच्या कर्माने माणूस दरिद्री वा हीन कुळात जन्मतो, या मतामुळे समाज व राज्य आपल्या जबाबदारीतून मोकळे होतात, हे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात परखडपणे दाखविले आहे. आकर्षणाचा हा नियम म्हणजे तेच जुने मत होय. फक्त पूर्वजन्माऐवजी कालचा विचार आला आहे. नोकरीच्या प्रतीक्षेत असलेला, फीसाठी उसनवारी करणारा तरुण असे पुस्तक वाचून प्रथम उल्हसित होतो आणि नंतर स्वतःलाच दोष देऊ लागतो.

जाता जाता शब्दाविषयी एक गोष्ट. इतिवुत्तकात तीन चक्षूंचा उल्लेख आहे : मंसचक्खु, दिब्बचक्खु आणि पञ्ञाचक्खु. पहिला देहाचा डोळा. दुसरा दिव्यचक्षु, ज्यासाठी तेजोवलये पाहू इच्छिणारे धडपडतात. पालि परंपरेत तो समाधीचे फळ आहे, कपाळाच्या शस्त्रक्रियेचे नव्हे. तिसरा प्रज्ञाचक्षु, आणि त्यालाच तेथे सर्वश्रेष्ठ म्हटले आहे. तेव्हा पालि गणनेप्रमाणे तिसरा डोळा म्हणजे प्रज्ञा. दिव्यदृष्टीचा क्रमांक दुसरा लागतो.

राहता राहिला विहारांच्या ग्रंथालयांचा प्रश्न. अशी पुस्तके देणगीतून येतात, आणि ती ठेवावीत की काढून टाकावीत, असे कार्यकर्ते विचारतात. काढून टाकू नयेत. बंदीने त्यांचे आकर्षण वाढेल. मात्र 'द थर्ड आय' बौद्ध तत्त्वज्ञानाच्या कपाटात नको. ते कादंबऱ्यांत ठेवावे, आणि आतल्या कोऱ्या पानावर लेखकाचे खरे नाव व १९५८ सालच्या चौकशीची दोन ओळींची नोंद शाईने लिहून ठेवावी.