दीड तास, हवेची मर्जी असेल तर

रेझोल्यूट ते ग्रीस फियॉर्ड हे हवाई अंतर सुमारे ३८५ किलोमीटर, म्हणजे जवळपास मुंबई-बेळगाव. कॅनडाच्या उत्तर टोकाला, नुनावूटमधली ही दोन गावं. २०२१च्या जनगणनेत एकात १८३ माणसं, दुसऱ्यात १४४. मधे रस्ता नाही. मालाचं जहाज फक्त उन्हाळ्यात येतं, एरवी सगळी भिस्त ट्विन ऑटर विमानावर. मूठभर माणसांसाठी विमान चालवतात तरी कसं, या कुतूहलापोटी मार्चमध्ये रेझोल्यूटला गेलो.

खरं काम चालतं ते वजनकाट्यावर. तिथं पन्नाशीच्या एक इनुइट बाई होत्या. सामान तर त्या तोलतातच, माणसंही तोलतात, जाडजूड कोट-बुटांसकट. किती वेळ लागतो, विचारलं. "दीड तास," त्या म्हणाल्या, "हवेची मर्जी असेल तर."

विमानात १९ जण बसू शकतात, पण यंत्र, इंधन, माणसं, सामान धरून ५,६७० किलोंच्या वर जायचं नाही. पलीकडची धावपट्टी डोंगराच्या पायथ्याशी, खडीची, जेमतेम अर्ध्या किलोमीटरची. तिथं उतरता आलं नाही तर परतायला हवं, म्हणून तेवढं इंधनही बरोबर घ्यायचं. ते इंधन जातीचं घासलेटच. बाहेर उणे तीस अंशांत सगळे वास गोठलेले, हा एक तेवढा नाकात बसतो. घासलेट वाढलं की सामान उतरतं.

एका आजोबांनी ग्रीस फियॉर्डच्या बहिणीसाठी गोठलेल्या माशांचं पोतं आणलं होतं. बाईंनी ते काट्यावर ठेवलं, आकडा पाहिला, आणि न बोलता थंड पेयांची दोन खोकी यादीतून काढून टाकली. मासे चढले. पण तासाभरात पलीकडे ढग उतरले नि उड्डाण रद्द झालं. "दीड तास!" बाई हसल्या आणि पोतं उचलून बाहेर थंडीत ठेवून आल्या.

भाऊ एका गावात, बहीण दुसऱ्यात, हे इथं काही नवलाचं नाही. १९५३ साली कॅनडा सरकारनं क्वेबेकच्या उत्तरेकडच्या इनुक्जुआकमधून इनुइट कुटुंबं इकडं आणून वसवली. शिकार भरपूर मिळेल आणि दोन वर्षांनी परत यायचं असेल तर येता येईल, असं सांगितलं होतं. तो शब्द पाळला गेला नाही. आपल्याला वेगवेगळ्या ठिकाणी उतरवणार, हे तर जहाजावर चढल्यावरच कळलं. नात्यागोत्यातली माणसं अशी दोन बेटांवर वाटली गेली. २०१० साली सरकारनं जाहीर माफी मागितली.

माफी ठीक आहे. पण या मार्गाचं भाडं धंद्याच्या हिशेबानं ठरू नये. हे ३८५ किलोमीटर सरकारनंच माणसामाणसांत घातले, तेव्हा ते ओलांडायचा खर्चही सरकारनंच उचलावा.